एकट्याचा वाटा: एका माणसापुरतं धड जेवण कसं करता?

पडवळ, २० मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचत होतो, आज लिहायची पाळी आली.

वय ५२, राहतो फोंड्यात, नोकरी पणजीत बँकेत. गेल्या सप्टेंबरपासून बायको आणि लेक पुण्यात आहेत. लेकीचं कॉलेज तिथे, बायकोलाही तिथल्या शाळेत नोकरी मिळाली. मी इथेच. आठ महिने झाले. दुपारी ऑफिसच्या मागे थाळी, संध्याकाळी बसमधून उतरलो की समोरच्या गाड्यावर रस ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट), त्याचा कंटाळा आला की भाजी-पाव. वजन सात किलो वाढलं. परवा रक्त तपासलं तर एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.२. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह अजून घरात आलेला नाही, दारात उभा आहे. आत घ्यायचा का ते तुम्ही बघा."

म्हणून रात्रीचं तरी घरी शिजवायचं ठरवलं. मला काहीच येत नाही असं नाही. वरण-भात, हुमण (मासळीचं कालवण), तळलेली मासळी, चार भाज्या आईने शिकवल्यात. अडतंय भलतीकडेच. बाजारात मासळी वाट्यावर. शंभराच्या वाट्यात सहा-सात बांगडे, मला हवेत दोन. उरलेले फ्रीजात ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडला की शेजाऱ्यांना कळतं. नारळ फोडला की एक कवड लागते, दुसरी बुळबुळीत होऊन जाते. भात लावायला घेतला की किती घ्यावा तेच कळत नाही. दर वेळी उरतो, आणि टाकवत नाही म्हणून मीच खातो. म्हणजे घरी जेवूनही पोट तेवढंच.

पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात. तुमच्यातले जे एकटे राहतात ते हे रोज कसं निभावतात, ते सांगा.

चवळी, २० मे, रात्री ११.०२

डबा लावा. विषय संपला.

पडवळ, २० मे, रात्री ११.१५

लावला होता, चार महिने. भाजी रोज बटाट्याच्या नात्यातली आणि वर बोटभर तेल. एकदा डब्यातलं तेल काढून ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्यात अंडं तळलं. गंमत नाही, खरं सांगतोय.

रातपाळी, २१ मे, सकाळी ७.२०

आत्ताच पाळी संपवून आलो. मी २७, वेर्ण्याला औषध कंपनीत, तीन वर्षं एकटा. दादा, माझा अनुभव काय करू नये याचा आहे, तेवढा घ्या.

पहिल्या वर्षी मी रात्री कामावर जाताना भात करून तसाच गॅसवर ठेवायचो. सकाळी येऊन कांदा-मिरची टाकून परतायचा, खायचा, झोपायचं. एप्रिलमध्ये एकदा असाच खाल्ला आणि दोन तासांत उलट्या सुरू. मला वाटलं मिरची बाधली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा टाळकं चाललं. आता भात झाला की पसरट थाळीत काढतो, वाफ गेली की लगेच डब्यात घालून फ्रीजात. परत कधी त्रास नाही.

बाकी माझा स्वयंपाक म्हणजे अंडी. त्यामुळे कौतुक नको.

तिरफळ, २१ मे, सकाळी १०.०५

@रातपाळी, मिरचीला उगाच दोष दिलात. (मी आहारतज्ज्ञ आहे, इस्पितळात नोकरी. इथे गप्पा मारायला येते, तपासायला नाही. औषध-गोळ्यांचं ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.)

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात गरमट हवेत तासन् तास राहिला की ते उगवतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष परत गरम केल्याने जात नाही. कढईत कितीही परता. गोव्यातली एप्रिल-मेची रात्र म्हणजे त्यांना आयतीच ऊब. भात तासाभरात थंड करून फ्रीजात टाकणं एवढाच उपाय, आणि उरलेला दुसऱ्या दिवशी संपवायचा.

@पडवळ, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. तुमचा आकडा परत फिरू शकणाऱ्यांतला आहे. एकटे आहात हे एका अर्थी बरं. घरच्या इतरांच्या ताटासाठी तडजोड करावी लागत नाही.

सुरंगी, २१ मे, दुपारी ३.३०

पडवळ, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, म्हणून जरा सरळ बोलते.

मी साखळीला राहते, ६७ वर्षांची. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगा दुबईला. हे गेल्यावर वर्षभर मी दोघांचंच रांधत होते. मुद्दाम नव्हे हो, हातच तसा पडायचा. मीठ चिमटीत यायचं ते दोघांचं, तांदूळ मुठीत यायचे ते दोघांचे. उरलेलं मांजराला. मांजर इतकं जाड झालं की शेजारीण म्हणाली, पोटुशी आहे का?

मग एक दिवस लक्षात आलं, माझी भांडीच सगळी मोठी. तीन शेराचं तपेलं, दहा इंची कढई. त्या कढईत वाटीभर भाजी टाकली तर ती तळाला लागते, मग पाणी घाला, मग ती पांचट होते, मग वाटतं अजून थोडी चिरावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक छोटं टोप आणलं, दोन वाट्या मावेल एवढं. एक लहान लोखंडी कढई. मातीची एक कुंडली, हुमणापुरती. बाकीची भांडी माळ्यावर चढवली. चढवताना रडले, ते सोडा. पण दुसऱ्या दिवसापासून जेवण उरायचं थांबलं. टोपात मावतच नाही तर उरणार कुठून?

तर आधी भांडी बदला. मग बांगड्याचं बघू.

पर्वरीची पाहुणी, २१ मे, संध्याकाळी ६.१२

सुरंगीताई, हे वाचून उठले आणि माझा पाच लिटरचा कुकर बघून आले. मी मूळची पुण्याची, तीन वर्षं पर्वरीत, घरूनच काम. शाकाहारी. ह्या कुकरमध्ये मी एका माणसाची डाळ शिजवते. डाळ तळाशी कुठे आहे ते शोधावं लागतं.

माझा तोडगा सांगते. कुकर तोच, पण आत डबे. खाली पाणी, एका डब्यात भात, दुसऱ्यात डाळ, वरच्या ताटलीत दुधी किंवा भोपळ्याच्या फोडी. एका गॅसवर तिन्ही. डाळीतली अर्धी त्या दिवशी वरण, अर्धी दुसऱ्या दिवशी पालेभाजीत. उकडे तांदूळ मात्र असे होत नाहीत, माझे दोनदा कच्चे राहिले. त्याचं काय करता?

खाजन, २१ मे, रात्री ९.०५

उकडे तांदूळ तासभर तरी भिजत घालायचे आणि वेगळे शिजवायचे, भरपूर पाण्यात, झाकण अर्धवट. शिजले की निवळ ओतून टाकू नका, तीच पेज. बाहेरून आलेल्यांना मऊ मोकळा भात हवा असतो, उकडा तसा होत नाही. तो दाताखाली यायला हवा.

आमची थोडी खाजन शेती (खाडीकाठची, बांध घातलेली) आहे, दिवाडीला. घरचा कोरगुट पिकतो. खाऱ्या पाण्याला तोंड देणारा तांदूळ, मानस (बांधातलं पाण्याचं दार) फुटली आणि शेतात खारं पाणी शिरलं तरी तग धरतो. रात्री एक वाटी पेज, सोबत तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचं, एखादी भाजी. पोट शांत. पडवळराव, ह्याहून औषध नाही. आमचे आजे रोज नारळ आणि उकडा भात खाऊन नव्वदी पार करून गेले.

तिरफळ, २१ मे, रात्री ९.४०

आजे सकाळपासून चिखलात कुदळ मारत होते. पडवळ काउंटरमागे बसतात.

उकड्याची बाजू घेते, पण पुरती नाही. भात साळीसकट उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत जातं, म्हणून कांडल्यावरही बरंच टिकतं. हा खरा फायदा. पण साखरेच्या हिशेबाने उकडा असो की कोरगुट, शेवटी भातच. मोजूनच घ्यायचा. एका वेळेला कच्चे तांदूळ साधारण ६० ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा कप. शिजून तिप्पट वजन होतं, एका माणसाला पुष्कळ. तो कप तांदळाच्या डब्यातच ठेवून द्या. सुरंगीताई म्हणतात तसा हात फसवतो, कप फसवत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २,००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा मासळी-अंडी मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. आपल्या ताटात उलटं असतं, भाताचा डोंगर आणि कडेला लोणच्याएवढी भाजी.

पडवळ, २१ मे, रात्री ९.५८

४०० ग्रॅम भाजी? बाई, मी माणूस आहे की बोकड?

तिरफळ, २१ मे, रात्री १०.१०

तांबड्या भाजीची एक जुडी कढईत टाका आणि दहा मिनिटांनी बघा किती उरते ते. एकट्याने हसत संपवाल. कांदा, दोन मिरच्या, वरून मूठभर खोबरं, पाणी अजिबात नको. दुपारच्या थाळीत एक भाजी मागून घ्या, एक काकडी चावून खा. झाले की चारशे.

आणि बटाटा ह्यात मोजत नाहीत. तुमच्या जुन्या डबेवाल्याला कळवा.

सुरंगी, २२ मे, सकाळी ११.४५

आता बांगडा.

वाटा अख्खा घ्यायचा नाही असं नाही, पण विचारायला लाजू नका. मी सरळ म्हणते, "बाय, एकट्याखातीर जाय, अर्दो वांटो दी." नव्वद टक्के वेळा देते. नाही दिला तर दुपारी साडेबारा-एकला जाते, तेव्हा तीही उठायच्या घाईत असते. पण तेव्हा डोळे आणि कल्ले नीट बघायचे. डोळा फुगीर, कल्ला लाल, बोट दाबलं की मांस परत वर आलं पाहिजे. बर्फाबाहेर उन्हात तासभर पडलेला बांगडा फुकट दिला तरी नको.

अख्खा वाटा घेतलाच तर घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी म्हटलं तरी चालेल, साफ करायचा. धुवायचा, पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मीठ-हळद लावायची, थोडं आगळ. दोन-दोनच्या पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात ठेवलात म्हणून शेजाऱ्यांना कळलं. पुड्यांवर तारीख घाला, आमच्या वयात लक्षात राहत नाही.

एकट्याचा बांगडा करताना मी वाटणाच्या भानगडीत पडत नाही. कुंडलीत दोन बांगड्यांचे तुकडे, चमचाभर तिखट, हळद, चार सोलां, मीठ, अर्धा कप पाणी. उकळी आली की पाच-सहा तिरफळं ठेचून, आतलं काळं बी काढून टाकायची. आणखी पाच मिनिटं ठेवून गॅस बंद, वर चमचाभर कच्चं खोबरेल. नारळ नाही, तळण नाही, पंधरा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणून मी दोन दिवसांचं करते. हे सोडून दुसरं काहीही मी दोन दिवसांचं करत नाही.

तिरफळ, २२ मे, दुपारी १.३०

ताई, माझ्या नावाला जागलात.

उन्हातल्या बांगड्याबद्दल एक भर. बांगडा, तारली, कुपा ह्या जातीच्या मासळीत ऊब मिळाली की हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल, अंगावर पुरळ, डोकं ठणकतं. लोक म्हणतात "मासळीची ॲलर्जी आली", आणि जन्मभर बांगडा सोडतात. बांगडा निर्दोष, दोष बर्फ न घालणाऱ्याचा. हेही शिजवून जात नाही. आणि तेलकट मासा असल्यामुळे बर्फात फार दिवस ठेवला तर खवट होतो. घरच्या फ्रीजात, आपल्याकडची वीज बघता, महिन्याच्या आत संपवा.

प्रथिनांचं: किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. पडवळांचं वजन ऐंशी धरलं (चुकलं तर माफ करा) तर ६६ ग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम बांगड्याच्या मांसात १९-२० ग्रॅम, एका अंड्यात सहा. शाकाहारी मंडळींनी डाळ-कडधान्याचं माप वाढवावं आणि भाताचं उतरवावं, दुसरा रस्ता नाही.

पडवळ, २२ मे, रात्री १०.२०

ब्याऐंशी. माफ केलं.

आज गेलो होतो बाजारात. तोंड उघडून म्हटलं, "अर्दो वांटो दी." तिने वर बघितलं, म्हणाली, "कितें रे पुता, घरकान्न खंय गेल्या?" (बायको कुठे गेलीय?) मागे चार गिऱ्हाइकं उभी. सगळी कर्मकथा सांगावी लागली. शेवटी तिने तीन बांगडे दिले, पैसे दोनाचेच घेतले. आता वाटतं की आठ महिने मी मासळी क्वचितच घेण्याचं खरं कारण हा प्रश्नच असावा.

पर्वरीची पाहुणी, २३ मे, सकाळी ९.३०

मला कोणी घरकान्न विचारत नाही, "घोव खंय?" (नवरा कुठे?) विचारतात. उत्तर देत नाही, हसते, चार मिरच्या जास्त मिळतात.

शाकाहारी एकट्या माणसासाठी माझा सगळा आठवडा अळसांद्यांवर उभा आहे. पुण्याला चवळी खात होते, इथले अळसांदे म्हणजे तिची थोरली बहीण. शनिवारी रात्री पाव किलो भिजत घालते, रविवारी उकडते. एका भागाचं तोंडाक (रस्सा). एक भाग कांदा, लिंबू, कोथिंबीर घालून तसाच खायचा. उरलेले दोन भाग पाण्यासकट डब्यांत घालून बर्फात. बुधवारी काढले की ताजेच. मूगही तसेच, पण मुगागाठीसाठी मोड आल्यावर सालं काढत बसणं माझ्याच्याने होत नाही. सालासकट करते. इथल्या शेजारणीने बघून न बघितल्यासारखं केलं.

भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावरून. पाव किलो मागितलं तर कोणी भुवया उंचावत नाही, हाच मोठा गुण.

आणि नारळ? त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

खाजन, २३ मे, दुपारी २.१५

नारळ फोडल्यावर डोळ्यांची कवड आधी वापरायची, ती आधी बिघडते असं आई म्हणते. दुसरीला आतून मीठ चोळून ठेवायची. दोन-तीन दिवस निघतात.

सुरंगी, २३ मे, दुपारी ४.००

मीठ चोळायला पुढे लक्षात राहिलं पाहिजे ना. मी एकदमच दोन नारळ खवते, टीव्हीसमोर आडोळी घेऊन बसते. सोय (खवलेलं खोबरं) पातळ पसरून पिशवीत, पिशवी आडवी बर्फात. हवी तेवढी मोडून घ्यायची, पापडासारखी.

वाटण करून बर्फाच्या साच्यात ठेवणारे असतात. मला ते आवडत नाही. धणे-मिरचीचा वास बर्फात मरतो, हुमण फ्रीजसारखं लागतं.

रातपाळी, २३ मे, संध्याकाळी ५.२५

ताई, आम्हा नोकरीवाल्यांचं तेच तारणहार आहे. आई सावंतवाडीहून येते तेव्हा वाटणाचे ठोकळे करून ठेवते. तीन ठोकळे, गरम पाणी, अंडी फोडून सोडायची, सोबत पोई (गोव्याचा पाव). वीस मिनिटं. वास मेला असेल, पण मी जिवंत आहे.

सुरंगी, २३ मे, संध्याकाळी ५.४०

बरं बाबा. निदान शेवटी एक ताजी मिरची मोडून आणि कोथिंबीर टाक. आईला नमस्कार सांग.

तिरफळ, २३ मे, संध्याकाळी ६.३०

नारळाचं भांडण होणार होतंच. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त स्निग्धांश आहे, हे गोव्यात बोलणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं. नारळ सोडा असं मी म्हणत नाही. हुमणात नारळ असेल त्या दिवशी मासळी तळू नका, आणि भाजीवर खोबरं पडलं असेल तर सोलकढी आगळाची करा, नारळाच्या रसाशिवाय. एका जेवणात नारळाला एकदाच बोलवायचं.

चवळी, २३ मे, रात्री ८.००

पोईबद्दल बोला. रात्री शिजवायचा कंटाळा आला तर एक पोई आणि दोन अंडी चालतात का?

तिरफळ, २३ मे, रात्री ८.२०

धावतात. पोई खरंच कणकेची आहे का ते पोदेराला (पाववाल्याला) विचारा. वरून कोंडा भुरभुरलेला असला म्हणजे आत मैदा नसेल असं नाही. एकच घ्या. सायकलचा भोंपू वाजला की चार घेणारे मी पाहिलेत, एकटे राहणारेच.

पर्वरीची पाहुणी, २९ मे, सकाळी १०.५०

सगळीकडे पुरुमेंताची धांदल दिसतेय. सोलां, चिंच, मिरच्या, सुकी मासळी. एकट्या माणसाने हे करायचं असतं का? आणि सोलां म्हणजे आमचं आमसूलच ना?

सुरंगी, २९ मे, दुपारी १२.१५

तेच ते. भिंडां (कोकमाची फळं) फोडून सालं सुकवली की सोलां. मीठ घालून रस काढला की आगळ.

पुरुमेंत हा पोर्तुगीज शब्दावरून आला, बेगमी असा अर्थ. पावसात नदी-वाट बंद व्हायची त्या काळची गोष्ट. आता दुकानं बारा महिने उघडी, पण मी करते. लहान बरण्यांत: पाव किलो सोलां, मूठभर तिरफळ, खोल्याच्या (काणकोणातल्या खोल गावच्या) मिरच्या, थोडं गालमो (सुका जवळा), अर्धा डझन सुके बांगडे. एक फळी. पूर्वी खोलीभर असायचं. पाऊस कोसळत असताना सात वाजता घरी आलं आणि बाजारात जायचं जिवावर आलं, तर ह्याच फळीवर जेवण होतं. नाहीतर गाडा आहेच रस ऑम्लेटचा.

पडवळ, १५ जून, रात्री ९.३५

हजर आहे. छोटं टोप घेतलं, दोन वाट्यांचं. कप तांदळाच्या डब्यात पडलाय. पहिल्या आठवड्यात रात्री भूक लागायची, आता नाही.

मासेमारी बंदी सुरू झाली, १ जून ते ३१ जुलै. ट्रॉलर बंद म्हणून वाटा परत महाग झाला, होडीवाल्यांचं थोडंफार मिळतं. त्यामुळे सध्या सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर आणि पेज. तिरफळबाई, सुंगटं भाजून, कांदा-खोबरं-सोलां घालून. ठीक ना?

तिरफळ, १६ जून, सकाळी ९.१५

रोज नको. सुक्या मासळीत मीठ फार, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत राहायचं. सुंगटं धुऊन पिळून मग भाजा, वरून मीठ घालू नका, आणि त्या रात्री लोणचं बंद. पेज-किसमूर-लोणचं-पापड हे जेवण नव्हे, मिठागर आहे.

खाजन, १६ जून, रात्री ८.५०

पावसात मासळी कशाला हवी? रानात जेवण उगवलंय. तायखिळ्याचा कोवळा पाला घ्या, घोट्या शिजवून त्यात टाका (फणसाच्या बिया हो, पाहुण्यांसाठी सांगतो). अकूर, कुड्डूक, तेरं. तेऱ्याला आंबट घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजून धागा बंद करावा लागेल. अळंबी आली की कळवतो, पण ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, स्वतः रानातून वेचायला जाऊ नका.

एकच गोष्ट एकट्याने करू नये, खतखतें. पाच-सात भाज्या लागतात, त्यात काटेकणगी, नीरफणस, शेंग. एकट्याचं करायला गेलात तर आठवडाभर तेच. खतखतें ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जेवायला जायचं.

रातपाळी, १७ जून, सकाळी ७.३०

मला सांगा, मी येतो.

पडवळ, ५ जुलै, रात्री १०.०५

एक गोष्ट कबूल करायची राहिली. शिजवतो मी नीट, पण खातो ओट्याशी उभा राहून, टोपातूनच. ताट घ्यायचा, मग ते धुवायचा कंटाळा. आणि असं खाल्लं की जेवलोय असं वाटतच नाही, दहा वाजता फरसाण शोधतो.

सुरंगी, ६ जुलै, सकाळी ८.४०

मला ठाऊक होतं. सगळे करतात, मीही केलं. ताट वाढून बसा. समोर भिंत असली तरी चालेल. टोप ओट्यावरच राहू दे, उठून परत वाढायचा कंटाळा येतो, तोच उपयोगी पडतो. आणि घरात फरसाण ठेवता कशाला?

पर्वरीची पाहुणी, ६ जुलै, सकाळी ९.५५

मी जेवताना आईला फोन लावून स्पीकरवर ठेवते. ती तिकडे जेवते, मी इकडे. दोघींचं फारसं बोलणं होत नाही. ती मध्येच "काय केलंस?" विचारते, त्या भीतीने काहीतरी करते.

पडवळ, १७ ऑगस्ट, रात्री ९.१५

धागा वर काढतोय.

जुलैच्या शेवटी श्रावण लागला, त्यामुळे बंदी उठली तरी मी शिवराकच (शाकाहारी). पर्वरीच्या पाहुणीबाईंचे अळसांदे कामी आले. परवा परत रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी म्हणतात तसं. ६.०. वजन तीन किलो कमी. मला वाटलं डॉक्टर पाठ थोपटतील. म्हणाले, "दारातून अंगणात गेलाय. फाटकाबाहेर जाऊ दे, मग बोलू."

आणखी एक झालं. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहतात. दोन वर्षं नुसती मान हलवत होतो एकमेकांना. बंदीच्या आधी ते बाजारात त्याच बायसमोर अर्ध्या वाट्यासाठी उभे दिसले. तेव्हापासून वाटा एक, घरं दोन. तीन बांगडे वर, तीन खाली. नारळाचंही तसंच, डोळ्यांची कवड ते घेतात कारण ते लगेच वापरतात. श्रावण संपला की परत सुरू. एकदा त्यांनी खतखतें केलं, मी वर जेवायला गेलो. खाजनराव, तुमचं खरं आहे.

आता अडचण. चवथ (गणेश चतुर्थी) दहा दिवसांवर. बायको-लेक येतायत, पाच दिवस राहणार. काल सराव म्हणून तिघांचा भात लावायला घेतला तर हात अर्ध्या कपावरच थांबतो. मोठं तपेलं माळ्यावरून काढलं, त्यात पालीची अंडी. तिघांना किती तांदूळ घ्यायचे?

सुरंगी, १७ ऑगस्ट, रात्री ९.३२

दीड कप. आणि तपेलं गरम पाण्याने घासून घ्या.

चवळी, १७ ऑगस्ट, रात्री ९.४०

दोन घ्या. लेक पुण्याच्या मेसमध्ये जेवतेय वर्षभर.

पडवळ, १७ ऑगस्ट, रात्री ९.४४

मेसमध्ये नाही हो, आईच्या हातचं जेवते. पण दोन घेतो.